शरीराला सवय पडत नाही

बीटा-लॅक्टमेज हे जिवाणूंनी बनवलेले विकर आहे. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातील सगळ्या औषधांच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. हे विकर पाण्याचा एक रेणू वापरून ते कडे फोडते. कडे फुटले की औषध संपले. गोळीत ते कितीही ग्रॅम असो, जिवाणूच्या लेखी ते आता निरुपद्रवी कचरा असते. जिवाणू प्रतिजैविकाला दाद देईनासे होतात त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत आधी सापडलेले आणि दवाखान्यात रोज गाठ पडणारे कारण म्हणजे हे विकर आणि त्याचे भाऊबंद.

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावात याच गोष्टीचे दुसरे स्पष्टीकरण रूढ आहे. 'गोळ्या खाऊन खाऊन शरीराला सवय पडली' असे रुग्ण म्हणतो, घरचे म्हणतात, मेडिकलच्या काउंटरवरही तेच ऐकू येते. त्यावरचा तोडगाही ठरलेला असतो: पावर वाढवा. बुलढाण्यापासून कोकणापर्यंत हे वाक्य इतक्या वेळा बोलले जाते की ते कुणी तपासून पाहत नाही. ते चुकीचे आहे, आणि त्याची किंमत मोठी आहे. या एका वाक्यामुळे दोष चुकीच्या माणसाला लागतो, उपचार चुकीच्या दिशेने जातो आणि पाण्याकडे, शेताकडे, बाळंतपणाच्या खोलीकडे कुणी पाहत नाही.

समज मुळात आला कुठून, हे उघड आहे. अफूची सवय लागते, दारूची लागते, झोपेच्या गोळीची लागते. काल एका गोळीने येणारी झोप आज दोन गोळ्यांनी येते, हा अनुभव खरा आहे. पण या पदार्थांचे काम माणसाच्या मेंदूवर चालते. ज्याच्यावर काम चालते तेच हळूहळू बदलते, म्हणून सवय. प्रतिजैविकाचे काम माणसावर चालतच नाही. ते जिवाणूवर चालते आणि बदलतो तोही जिवाणूच. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृतातली विकरे वाढवते आणि त्यामुळे स्वतःच थोडे लवकर शरीराबाहेर टाकले जाते, एवढा अपवाद नोंदवायला हवा. मात्र हा परिणाम काही आठवड्यांत स्थिरावतो, डोस ठरवताना तो धरलेला असतो, आणि क्षयाचा जिवाणू रिफाम्पिसिनला जुमानत नाही त्याच्याशी यकृताचा संबंध नसतो.

विकर काम कसे करते ते समजले की 'पावर वाढवा' या सल्ल्याचा पोकळपणा आपोआप दिसतो. जिवाणूच्या पेशीभोवती भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या अमिनो आम्लांच्या तोकड्या धाग्यांनी एकमेकींना टाचून ती उभी राहते. हे टाके घालण्यासाठी जिवाणूकडे स्वतंत्र विकर असते. टाका जिथे पडायचा त्या टोकाशी पेनिसिलिनचे विलक्षण साम्य आहे. टाके घालणारे विकर फसते, पेनिसिलिनला पकडते आणि त्याच्यातच अडकून पडते. भिंत अर्धवट राहते, आतला दाब सहन होत नाही, जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही. पेनिसिलिन माणसाला एवढे सोसते ते म्हणूनच.

बीटा-लॅक्टमेजचा एक मोठा गट या टाके घालणाऱ्या विकराच्याच वंशातला आहे. तोही पेनिसिलिनला तसाच पकडतो. फरक पुढच्या पावलाला पडतो. हे विकर पकडीत पाण्याचा रेणू ओढून घेते, स्वतःला सोडवते, फुटलेले पेनिसिलिन टाकून देते आणि दुसरे उचलते. टीईएम-१ नावाच्या प्रकाराचा एकच रेणू एका सेकंदात पेनिसिलिनचे हजाराच्या घरात रेणू निकामी करतो, आणि एका जिवाणूत असे असंख्य रेणू असतात. डोस दुप्पट केला तर या विकराला थोडे अधिक क्षण लागतील, एवढेच. उलट वाढीव डोस पोटात उतरतो आणि आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू मारतो. ज्यांच्याकडे विकर आहे ते मागे उरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत पसरतात.

पावर वाढवण्याचा दुसरा अर्थ असा, की डोस तोच ठेवून औषध वरच्या पायरीचे द्यायचे. अमॉक्सिसिलिन नाही चालले तर ६२५ ची गोळी, ती नाही चालली तर सेफिक्झिम, मग सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन, मग मोठ्या दवाखान्यात मेरोपेनेम. यात तथ्य आहे, कारण एका विकराला एक औषध फोडता येते म्हणून दुसरे येईलच असे नाही. ६२५ मध्ये ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. या आम्लाला स्वतःला जिवाणू मारता येत नाही म्हटले तरी चालेल. बीटा-लॅक्टमेज त्याला औषध समजून पकडते आणि कायमचे अडकते. तेवढ्या अवधीत अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते. विकराला त्याच्याच डावाने अडकवणारा हा उपाय माणसाने शोधून काढला तोही मातीतल्या एका जिवाणूकडून.

पण या शिडीवर औषधांच्या मागोमाग विकरेही चढली आहेत. टीईएम-१ ची नोंद १९६५ मध्ये लंडनमधील नाओमी दत्त आणि त्यांच्या सहकारी महिला संशोधकाने केली. अथेन्समधील एका रुग्णाच्या नमुन्यात ते सापडले होते, आणि नव्यानेच आलेले अँपिसिलिन ते फोडत होते. पुढे सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन ही तिसऱ्या पिढीची औषधे आली, तर सीटीएक्स-एम या कुळातली विकरे पसरली. त्यांतले आज जगभर सर्वाधिक आढळणारे सीटीएक्स-एम-१५ पहिल्यांदा ओळखले गेले ते नवी दिल्लीत १९९९ मध्ये जमवलेल्या जिवाणूंमध्ये. शेवटची पायरी म्हणून राखून ठेवलेल्या मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम औषधांनाही पुरून उरणारे विकर निघाले. म्हणून कोणती पायरी चालेल हे रुग्णाच्या जिवाणूकडे कोणते विकर आहे यावर ठरते. ते कळते लघवीच्या, रक्ताच्या, पुवाच्या कल्चरमधून. रुग्णाने आजवर किती गोळ्या खाल्ल्या याच्या हिशेबातून ते कळत नाही.

सवयीच्या सिद्धान्ताला पहिला धक्का खरे तर पेनिसिलिन बाजारात येण्याआधीच बसलेला आहे. अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी डिसेंबर १९४० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटी नोंद छापली. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूपासून काढलेला अर्क पेनिसिलिन नष्ट करतो, असे त्यांना दिसले होते. त्या अर्कातल्या विकराला त्यांनी पेनिसिलिनेज म्हटले. ऑक्सफर्डमध्ये आजारी माणसाला उपचार म्हणून पेनिसिलिन टोचले गेले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषधाच्या आधी औषध फोडणारे विकर हजर होते. सवय लागायला तोवर ते कुणी घेतलेच नव्हते.

त्याहून मागेही जाता येते. कॅनडाच्या युकॉन भागातील गोठलेल्या जमिनीच्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या थरांतून काढलेल्या डीएनएमध्ये बीटा-लॅक्टमेजची जनुके सापडली. २०११ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे नाही. प्रतिजैविके ही मुळात मातीतल्या बुरशीची आणि जिवाणूंची रसायने आहेत. चमचाभर मातीत एकजण विष सोडतो, दुसरा ते फोडण्याचे विकर बाळगतो, असे लाखो वर्षे चालत आले आहे. माणसाने केले ते एवढेच, की ही रसायने टनांनी बनवून दवाखाने, गोठे, कोंबड्यांच्या शेड आणि शेते यांत ओतली. त्यामुळे मातीच्या कोपऱ्यात पडून असलेल्या जनुकांना एकाएकी मोल आले. सीटीएक्स-एम कुळाचे मूळ याची साक्ष देते. ही जनुके क्लुइव्हेरा नावाच्या, फारसा रोग न करणाऱ्या जिवाणूंच्या गुणसूत्रातून निघून रोग करणाऱ्या जिवाणूंत आली आहेत.

'निघून आली' हे शब्द इथे अक्षरशः खरे आहेत. पुष्कळ विकरांची जनुके जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतात. डीएनएच्या लहान, बहुधा गोल, सुट्या कड्यावर म्हणजे प्लाझ्मिडवर ती बसलेली असतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की या कड्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि त्यासाठी ते एकाच जातीचे असावे लागत नाहीत. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूकडचे कडे जुलाब घडवणाऱ्या जिवाणूकडे जाऊ शकते. एकाच कड्यावर चार-पाच निरनिराळ्या औषधांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एका औषधाच्या वापराने इतर चार औषधांविरुद्धची तयारीही टिकून राहते. हा व्यवहार माणसाच्या आतड्यात, गटारात, नाल्यात, शेणाच्या उकिरड्यात चालू असतो.

सवयीच्या समजाला सर्वांत करुण उत्तर नवजात बाळांनी दिले आहे. दिल्लीतील तीन सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात केलेला मोठा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांना झालेल्या रक्तातल्या जंतुसंसर्गांपैकी सुमारे दोन तृतीयांश जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत झाले होते. त्यांत प्रमुख असलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर जिवाणूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद देत नव्हते. जगात येऊन तीन दिवस न झालेल्या बाळाला कसली सवय? त्याने एकही कोर्स अर्धवट सोडलेला नाही, एकही गोळी मेडिकलवरून परस्पर आणलेली नाही. जे विकर त्याच्या मुळावर आले ते हातांवरून, खाटेवरून, नळीवरून, पाण्यातून आले. अशा बाळाच्या आईला 'तू गरोदरपणी गोळ्या खाल्ल्यास' असे ऐकवणे क्रूर आहे.

दुसरे उत्तर नेदरलँडच्या प्रवाशांचे आहे. तिथल्या संशोधकांनी परदेशी जाणाऱ्या माणसांची विष्ठा प्रवासाआधी आणि नंतर तपासली. जाताना ज्यांच्या आतड्यात तिसऱ्या पिढीची औषधे फोडणारी विकरे नव्हती अशा १,८४७ प्रवाशांपैकी ६३३ जण, म्हणजे ३४.३ टक्के, ती घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत हे प्रमाण ७५.१ टक्के होते. बहुसंख्य प्रवासी धडधाकट होते. ते जेवले, पाणी प्यायले, फिरले, एवढेच. ज्यांनी प्रवासात प्रतिजैविके घेतली त्यांच्यात हा धोका वाढला होता, हे त्याच अभ्यासात दिसले. गोळ्यांचा गैरवापर निर्दोष आहे असा दावा म्हणूनच करता येणार नाही. गोळी विकरवाल्या जिवाणूला जागा मोकळी करून देते. परंतु तो जिवाणू येतो तोंडावाटे.

आता दुसऱ्या एका समजाकडे वळले पाहिजे. हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या मोठ्या दवाखान्यांतल्या अतिदक्षता विभागांचा आहे, आणि तोही परदेशी लोकांनी फुगवलेला, असे सुशिक्षित मंडळींत बोलले जाते. या समजाचा उगम २०१० च्या ऑगस्टमधल्या एका वादात आहे.

स्वीडनमधील भारतीय वंशाच्या एका रुग्णावर नवी दिल्लीत उपचार झाले होते. २००८ मध्ये स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीतल्या क्लेबसिएला जिवाणूत कार्बापेनेम फोडणारे अपरिचित विकर सापडले. २००९ च्या अखेरीस त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला नाव मिळाले न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांचा संयुक्त लेख आला. चेन्नईत ४४, हरियाणात २६, ब्रिटनमध्ये ३७ आणि भारत-पाकिस्तानातील इतर ठिकाणी ७३ जिवाणूंमध्ये एनडीएम-१ सापडल्याचे त्यात म्हटले होते. देशात संताप उसळला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आक्षेप घेतला. भारतातल्या स्वस्त शस्त्रक्रियांचा धंदा बुडवण्याचा हा डाव आहे, असे राजकारणी आणि वृत्तवाहिन्या सांगू लागल्या.

कटाच्या या कथेला खोडून काढणारा पुरावा मुंबईतूनच आलेला होता, आणि तोही पाच महिने आधी. माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू तपासले. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होते. हा अहवाल भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात मार्च २०१० मध्ये छापून आला. मुंबईतल्या रुग्णांबद्दल मुंबईतल्याच डॉक्टरांनी भारतातल्याच नियतकालिकात लिहिले होते. त्यात परक्याचा हात कुठे शोधायचा? पुढे जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा २००६-०७ मध्येच दिल्लीबरोबर मुंबई आणि पुण्यातल्या रुग्णालयांतूनही हे विकर आढळल्याचे दिसून आले. नाव पडण्याआधी दोन-तीन वर्षे ते महाराष्ट्रात होते.

नावाबद्दलचा राग मात्र समजण्यासारखा आहे. विकरांना गावांची नावे देण्याची पद्धत जुनी आहे. व्हीआयएममध्ये इटलीतले व्हेरोना आहे, एसपीएममध्ये ब्राझीलचे साओ पाउलो, एसआयएममध्ये कोरियाचे सोल, तर जीआयएममध्ये जर्मनी. ही नावे आद्याक्षरांत दडून राहिली. दिल्लीचे मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पोहोचले. 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी जानेवारी २०११ मध्ये हे नाव देणे चूक होती असे म्हटले. शस्त्रक्रियेसाठी भारतात येण्याबद्दल मूळ लेखात दिलेला इशाराही पुराव्यापुढे धावणारा होता. पण नाव चुकले म्हणून विकर खोटे ठरत नाही. अभिमान दुखावला म्हणून प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाला शत्रू मानण्याची सवय मात्र त्या वर्षी देशाला नक्कीच जडली, आणि तिने मोलाचा काळ खाल्ला.

हे विकर दवाखान्याच्या भिंतीआड राहत नाही, हेही लगेच दिसले. एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीच्या रस्त्यांवरील साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ चे जनुक होते. पटकी आणि आमांश घडवणाऱ्या जिवाणूंमध्येही ते पोहोचले होते. एकदा जनुक सांडपाण्यात उतरले की शहर आणि गाव हा भेद उरत नाही. देऊळगाव राजाचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो, आठ-दहा दिवस राहून घरी परततो. जखम भरलेली असते, पण आतड्यात काय आले ते कुणी पाहिलेले नसते. नेदरलँडच्या अभ्यासात विकर घेऊन परतलेल्या प्रवाशाकडून घरातल्या दुसऱ्या माणसाला ते मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के निघाली. आश्विनात बालाजीच्या यात्रेला विदर्भ-मराठवाड्यातून लोक येतात. त्या दिवसांत पिण्याचे पाणी आणि शौचालये यांची व्यवस्था हा जेवढा जुलाबाचा प्रश्न आहे तेवढाच विकरांचाही आहे.

आणि मग शेत. देऊळगाव राजा तालुका कपाशी-सोयाबीनबरोबर शेडनेटमधल्या भाजीपाला बीजोत्पादनासाठी ओळखला जातो. कपाशीवरचे जिवाणूजन्य ठिपके, लिंबावरचा खैऱ्या, टोमॅटो-मिरचीची पाने जाळणारा करपा यांसाठी महाराष्ट्रभर कृषी सेवा केंद्रांतून स्ट्रेप्टोसायक्लिनची लहान पुडी विकली गेली आहे. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असे हे मिश्रण आहे. ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर पंपात टाकून ते फवारण्याचा सल्ला दोन पिढ्या पाठ आहे. 'पिकावरच्या औषधाचा माणसाच्या आजाराशी काय संबंध?' हा प्रश्न शेतकरी विचारतो, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे.

संबंध विकराचाच आहे, फक्त विकर दुसऱ्या तऱ्हेचे. स्ट्रेप्टोमायसिनला फोडून टाकण्याऐवजी काही विकरे त्याच्या रेणूला फॉस्फेटचा गट चिकटवतात. रेणू बेढब होतो आणि जिवाणूच्या रायबोसोममध्ये त्याला बसायची जागा मिळत नाही. या कामाची स्ट्र-ए आणि स्ट्र-बी ही जनुकांची जोडी अमेरिकेत सफरचंदाच्या बागांमध्ये, पिकाचा रोग करणाऱ्या जिवाणूंत सापडली. तिथेही स्ट्रेप्टोमायसिन फवारले जात होते. हीच जोडी माणसाच्या आणि जनावरांच्या जिवाणूंमध्येही आहे, आणि तिथे एका प्रसिद्ध प्लाझ्मिडवर ती सल्फा औषधाविरुद्धच्या जनुकाला लागून बसलेली आहे. म्हणजे शेतातल्या स्ट्रेप्टोमायसिनने केवळ स्ट्रेप्टोमायसिनविरुद्धचे विकर पोसले जात नाही, शेजारचे जनुकही फुकटात पोसले जाते.

या मुद्द्यावर दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही केली जाते, तीही खोडली पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे जुने औषध आहे, म्हणून पुडी फवारल्याने क्षयाचा जिवाणू बेमुर्वत होतो, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. क्षयाचा जिवाणू प्लाझ्मिडची देवघेव करत नाही. तो स्वतःच्याच गुणसूत्रातल्या चुकांमधून बदलतो आणि त्याची युद्धभूमी रुग्णाचे फुप्फुस असते. शेतकऱ्यावर जे पाप नाही ते लादले तर जे खरे आहे तेही तो ऐकणार नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन औषधे शेतीतून काढून टाकण्यासाठी मसुदा अधिसूचना काढली. त्याआधी जुलै २०१९ मध्ये कोंबड्या आणि अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या इतर प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. कारण कोलिस्टिनचे लक्ष्यच बदलून टाकणाऱ्या एमसीआर-१ या विकराचे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत प्लाझ्मिडवर सापडले होते. दोन्ही निर्णयांची दिशा योग्य आहे. बंदीबरोबर रोगमुक्त बियाणे आणि पर्यायी उपाय तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचवणे ही सरकारची जबाबदारी मात्र उरतेच.

'कोर्स पूर्ण करा, नाहीतर औषधाची सवय पडेल' हा घोष सवयीच्याच समजातून निघालेला आहे. क्षयरोगात तो शंभर टक्के पाळला पाहिजे. तिथे महिनोन्‌महिने चालणारे उपचार मध्येच सोडले तर उरलेल्या जिवाणूंतून बदललेले निवडून वर येतात. आयसोनियाझिडची गोष्ट तर विलक्षण आहे. ते औषध जिवाणूच्या स्वतःच्या काट-जी या विकरामुळे जागे होते, आणि ते विकर गमावलेला जिवाणू वाचतो. इथे विकर असण्याने नव्हे, नसण्याने औषध हरते. परंतु क्षयाचा नियम लघवीच्या किंवा छातीच्या साध्या संसर्गाला जसाच्या तसा लावता येत नाही. ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या गटाने २०१७ मध्ये 'बीएमजे'मध्ये दाखवून दिले, की अशा संसर्गात जास्त दिवस औषध घेतल्याने प्रतिरोध टळतो याला भक्कम पुरावा नाही. उलट औषधाचे जास्तीचे दिवस म्हणजे आतड्यातल्या विकरवाल्यांना जास्तीची संधी. कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरने आजार पाहून ठरवायचे असते आणि रुग्णाने तेवढे पाळायचे असते. गोळ्या चुकवणाऱ्या गरिबाला सगळ्या प्रतिरोधाचा आरोपी बनवणे मात्र विज्ञानात बसत नाही.

नवे औषध येईल आणि प्रश्न सुटेल, ही आशा सर्वांत सुखद आहे. तिला आधार आहे, पण तोकडा. एनडीएमच्या गाभ्यात जस्ताचे अणू असतात आणि तेच पाण्याच्या रेणूला कामाला लावतात. पेनिसिलिनला चिकटून बसण्याचा टप्पाच त्यात नाही. म्हणून क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासारखे अडकवणारे डाव त्याच्यापुढे फसतात. अ‍ॅझ्ट्रेओनाम हे एक औषध एनडीएमला फोडता येत नाही, पण शेजारची दुसरी विकरे ते फोडतात. त्या शेजाऱ्यांना अडवणाऱ्या अ‍ॅव्हिबॅक्टमसह त्याची जोडी युरोपात २०२४ मध्ये मंजूर झाली. छत्रपती संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीचे सेफेपिम-झिडेबॅक्टम हेही याच लढाईतले औषध आहे. मराठवाड्यात घडलेले हे काम अभिमान वाटावा असेच आहे. पण एनडीएमचेही आता चाळीसहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत, आणि सर्वांत नवे औषध सर्वांत महाग असते. देऊळगाव राजाच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईला त्याआधी साबणाने धुतलेले हात आणि क्लोरीन घातलेले पाणी लागते.

विकरे लाखो वर्षांची आहेत, तर माणसाच्या हाती काय उरले, असा शेवटचा आक्षेप निघतो. त्याचे उत्तर त्याच डच प्रवाशांकडे आहे. प्रवासात मिळालेले विकर त्यांच्या आतड्यात कायम राहिले नाही. निम्म्यांच्या पोटातून ते सुमारे ३० दिवसांत नाहीसे झाले, वर्षानंतर ११.३ टक्के लोकांतच ते उरले होते. प्लाझ्मिड वागवणे जिवाणूला फुकट पडत नाही, आणि आतड्यातले नेहमीचे रहिवासी संधी मिळताच आपली जागा परत घेतात. विकर जाऊ शकते. प्रवाशांच्या बाबतीत ते गेले, कारण हे प्रवासी ज्या घरी परतले तिथल्या नळातून आणि ताटातून ते रोज नव्याने येत नव्हते. देऊळगाव राजात राहणाऱ्या माणसाला परतायला वेगळे घर नाही; त्याच्या पोटातले विकर जाण्यासाठी त्याच गावचे पाणी, तेच सांडपाणी, तोच प्रसूतिकक्ष आणि तीच फवारणी बदलावी लागेल.